टाकी बघू नका, नळ बघा

पेट्रोल महागलं की ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. पहिली पार्टी म्हणते, "तेल संपत आलंय, फार तर अजून वीस वर्षं." दुसरी म्हणते, "काही होत नाही रे, माणूस काहीतरी शोधून काढतोच." चहा संपेपर्यंत वाद चालतो, मग सगळे आपापल्या डेस्कवर जातात आणि संध्याकाळी आपापल्या गाडीत एकेकटे बसून घरी जातात. दोन्ही पार्ट्यांचा आत्मविश्वास सारखाच दांडगा असतो. माझं म्हणणं असं की दोघंही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

"तेल संपणार का?" हा प्रश्न तसा निरर्थक आहे. तेल कधीच शेवटच्या थेंबापर्यंत संपणार नाही. जमिनीत ते राहीलच, फक्त काढायला परवडणार नाही. खरा प्रश्न वेगाचा आहे. जुन्या विहिरींमधून येणारं तेल वर्षाला किती टक्क्यांनी घटतंय, आणि त्या जागी काहीतरी दुसरं आणायचा आपला वेग किती? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला की अडचण सुरू. टाकीत पाणी भरपूर आहे, पण नळाला धार बारीक येते, असं झालं तर सकाळी आंघोळीला उशीर होणारच ना? टाकी किती मोठी आहे हे सांगून घरातली रांग कमी होत नाही.

तर या लेखात मी तेवढाच हिशोब मांडणार आहे. आपल्याला आकडे खेळवायची सवय आहे, तर होऊन जाऊ दे.

आधी पहिल्या पार्टीची बाजू. यांचे आद्यपुरुष म्हणजे मॅरियन किंग हबर्ट. शेल कंपनीतला भूगर्भशास्त्रज्ञ. १९५६ साली त्याने सांगितलं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखरावर पोचेल आणि मग उतरेल. लोक हसले. १९७० साली रोज सुमारे ९६ लाख बॅरलवर ते खरोखर शिखराला पोचलं आणि मग जे घसरत गेलं ते २००८ पर्यंत ५० लाखांवर आलं. (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पुढे १९९८ मध्ये कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर या दोघांनी हाच हिशोब सगळ्या जगाला लावला आणि दहाएक वर्षांत जगाचं पारंपरिक तेल शिखर गाठेल असं लिहिलं.

आता दुसरी पार्टी. यांचा हुकमी एक्का म्हणजे अमेरिकेतलं शेल. २००८ नंतर खडक फोडून तेल काढायचं तंत्र असं काही चाललं की २०२४ साली अमेरिकेचं उत्पादन रोज १ कोटी ३२ लाख बॅरलच्या आसपास गेलं. हबर्टच्या शिखरापेक्षाही उंच! २००८ च्या जुलैमध्ये तेल १४७ डॉलरला भिडलं होतं, तेव्हा "आता २०० होणार" म्हणणारे कमी नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते ४० च्या खाली आलं. आणि २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेत वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याखाली गेला, म्हणजे "तेल घ्या आणि वर पैसेही घ्या". ज्यांनी "संपलं, संपलं" म्हणून ओरड केली त्यांची चेष्टा होणं साहजिक होतं.

मग दुसरी पार्टी जिंकली का? थांबा जरा.

शेलने जे केलं ते कौतुकास्पद आहे, पण त्याने घसरण थांबवली नाही, घसरणीवर पॅच मारला. शेलच्या एका विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त पडतं. म्हणजे उत्पादन नुसतं आहे तिथे ठेवायलाही सतत नव्या विहिरी पाडत राहावं लागतं. धावपट्टीवर पळायचं, पुढे जायला नाही, मागे पडू नये म्हणून. जुन्या, पारंपरिक विहिरींचं उत्पादन जगभर मिळून २००५ ते २००८ च्या सुमारास जे सपाट झालं ते नंतर फारसं वर गेलेलंच नाही. म्हणजे कॅम्पबेल-लाहेरेर यांचा अंदाज त्या तेलापुरता बऱ्यापैकी बरोबर निघाला. त्यानंतरची वाढ आली ती मुख्यतः शेल, कॅनडातली तेलाची वाळू आणि खोल समुद्र अशा महागड्या ठिकाणांहून.

आणि जुन्या विहिरी कशा उतरतात ते बघायचं असेल तर मेक्सिकोचं कँटारेल बघा. रुदेसिंदो कँटारेल नावाच्या एका कोळ्याला समुद्रावर तेलाचा तवंग दिसला, त्यावरून हे क्षेत्र सापडलं आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. दाब टिकवायला २००० सालापासून त्यात नायट्रोजन भरायला सुरुवात केली. २००४ मध्ये रोज २० लाख बॅरलच्या वर तेल येत होतं, जगातल्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक. पाच-सहा वर्षांत ते एक तृतीयांशावर आलं. नायट्रोजनमुळे तेल वाढलं नव्हतं, लवकर बाहेर आलं होतं. क्रेडिट कार्डाची लिमिट वाढवली म्हणजे पगार वाढला असं होत नाही, तसंच.

आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे मुंबई हाय. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून दीडशेपेक्षा जास्त किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९८० च्या दशकात तिथून रोज चार लाखांहून जास्त बॅरल येत होते. त्या काळात देशाच्या गरजेचा मोठा हिस्सा आपणच काढत होतो. आता तिथलं उत्पादन त्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडलं. चांगलंच आहे. पण म्हाताऱ्या विहिरीकडून तरुणपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. दरम्यान आपली मागणी कितीतरी पट वाढली आणि आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

इंडोनेशियाची गोष्ट याहून बोलकी आहे. हा देश ओपेकचा सभासद, म्हणजे तेल विकणाऱ्यांच्या क्लबातला. उत्पादन घटत गेलं, घरची मागणी वाढत गेली, आणि २००४ च्या सुमारास दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेल्या. विकणारा गिऱ्हाईक झाला. २००८ च्या शेवटी त्यांनी क्लबच सोडला. (२०१६ मध्ये परत आले आणि त्याच वर्षी परत बाहेर.) यातली गोम लक्षात घ्या. आपण विकत घेणारे आहोत. आपल्याला जगाचं एकूण उत्पादन मिळत नाही, विकणाऱ्यांचं घरचं भागून जे उरतं ते मिळतं. ते एकूण उत्पादनापेक्षा आधी आणि जास्त वेगाने आटू शकतं.

आता मुख्य हिशोब. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ साली जगभरच्या तेलक्षेत्रांचा अभ्यास करून सांगितलं की शिखर ओलांडलेल्या पारंपरिक क्षेत्रांचं उत्पादन सरासरी वर्षाला ५.६ टक्क्यांनी घटतं. आणि उद्यापासून नव्या विहिरी, जुन्यांची डागडुजी हे सगळं थांबवलं, तर जगाचा पुरवठा वर्षाला सुमारे ५५ लाख बॅरल प्रतिदिन इतका कमी होईल. हा आकडा डोळ्यासमोर येत नसेल तर सांगतो. भारत रोज साधारण तेवढंच तेल वापरतो. म्हणजे दर वर्षी एक अख्खा भारत वजा. जगातल्या तेल कंपन्यांच्या गुंतवणुकीतला बहुतांश पैसा हे भगदाड बुजवण्यातच जातो, नवी भर घालण्यात नाही.

अर्थात कोणी उद्यापासून गुंतवणूक थांबवणार नाहीये. त्यामुळे प्रत्यक्षात घसरण आली तरी ती इतकी उभी नसेल. वर्षाला १ टक्का असेल, २ असेल, ४ असेल. नेमकी किती, हे आजच छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण प्रत्येक आकड्याला आपलं काय होईल हे मात्र काढता येतं.

बदली खेळाडू म्हणून सध्या सर्वांत जास्त नाव विजेच्या गाड्यांचं आहे. २०२४ मध्ये जगात सुमारे १ कोटी ७० लाख विजेच्या मोटारी विकल्या गेल्या, विकल्या गेलेल्या दर पाच मोटारींत एकीहून जास्त. मोठी गोष्ट आहे. आता एक मोटार वर्षाला साधारण १००० लिटर इंधन पिते असं धरू. (हा माझा ठोकताळा आहे, अमेरिकेत जास्त, आपल्याकडे कमी.) १ कोटी ७० लाख गुणिले १०००, भागिले १५९, भागिले ३६५. उत्तर येतं रोज साधारण ३ लाख बॅरल. म्हणजे एका वर्षाच्या सगळ्या विजेच्या मोटारींनी मिळून जगाच्या १० कोटी बॅरलमधले ३ लाख वाचवले. शेकडा ०.३.

बरं, कल्पना करू की उद्यापासून जगात पेट्रोल-डिझेलची एकही नवी मोटार विकली गेली नाही. वर्षाला सुमारे ८ कोटी मोटारी विकल्या जातात, त्या सगळ्या विजेच्या. तोच हिशोब केला की येतात रोज सुमारे १४ लाख बॅरल. शेकडा १.४.

हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. सगळं जग एकदिलाने वागलं, बॅटऱ्या पुरल्या, वीज पुरली, चार्जर लागले, तरी मोटारी बदलून आपण वर्षाला फार तर दीड टक्का तेल बदलू शकतो. घसरण वर्षाला एक टक्का असेल तर निभावून जाईल, कदाचित कोणाला कळणारही नाही. दोन टक्के असेल तर दमछाक. चार टक्के असेल तर बदली वेळेत होत नाही. विषय संपला. मोटारी सोडून ट्रक, जहाजं, विमानं, प्लास्टिक, डांबर यांचं काय, हे तर यात धरलेलंच नाही. जगातल्या तेलातला मोटारींचा वाटा जेमतेम पाव आहे.

"पण नॉर्वे बघ ना!" हे मी इतक्यांदा ऐकलंय. बघू. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. पण यासाठी त्यांनी १९९० च्या दशकापासून करसवलती दिल्या. त्यांची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे-पिंपरीपेक्षा कमी. धबधब्यांची स्वस्त वीज आणि गंमत म्हणजे तेल विकून आलेला पैसा. आणि एवढं होऊनही सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या रस्त्यांवर सर्वांत जास्त गाड्या होत्या त्या डिझेलच्याच. कारण जुनी गाडी लगेच भंगारात जात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर नवं व्हर्जन रिलीज करणं सोपं, जुनी सिस्टिम बंद करणं अवघड. ज्यांनी एखाद्या बँकेचं मायग्रेशन केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल :-)

म्हणूनच मला २००५ सालचा हर्श अहवाल महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट हर्श, रॉजर बेझडेक आणि रॉबर्ट वेंडलिंग या तिघांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी तो लिहिला. शिखर कधी येणार या भांडणात ते फारसे पडलेच नाहीत. त्यांनी विचारलं की तयारी कधी सुरू केली तर काय होईल? शिखर आल्यावर सुरू केली, तर वीस वर्षांहून अधिक काळ मोठा तुटवडा. दहा वर्षं आधी केली, तरी मधली काही वर्षं तुटवडा. वीस वर्षं आधी युद्धपातळीवर केली, तर बहुधा निभावेल. आहे की नाही साधं? शेलमुळे अहवालातली घाई खोटी ठरली असं म्हणणारे म्हणतात. मी म्हणतो शेलने आपल्याला फुकटात पंधरा-वीस वर्षांची मुदतवाढ मिळवून दिली. प्रश्न एवढाच की त्या मुदतीत आपण काम केलं का. डेडलाइन पुढे गेली की टीम काय करते हे तुम्हाला माहीत आहेच.

व्हॅक्लाव स्मिल या कॅनेडियन प्राध्यापकाने ऊर्जेच्या बदलांचा इतिहास तपासलाय. कोळसा जगाच्या ऊर्जेच्या ५ टक्क्यांवर होता १८४० च्या सुमारास, ५० टक्क्यांवर पोचला १९०० च्या आसपास. साठ वर्षं. तेल ५ टक्क्यांवर आलं १९१५ च्या सुमारास आणि अर्ध्यापर्यंत कधी पोचलंच नाही. आणि हे बदल झाले ते जास्त चांगलं, जास्त सोयीचं इंधन मिळालं म्हणून, लोकांनी आनंदाने केलेले. सौदीचे माजी तेलमंत्री शेख यामानी यांच्या नावावर एक वाक्य खपवलं जातं, की अश्मयुग काही दगड संपले म्हणून संपलं नाही. वाक्य झकास आहे. पण दगडातून धातूत यायला माणसाला किती शतकं लागली हे कोणी सांगत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडची लाडकी बदली म्हणजे इथेनॉल. याआधीची लाडकी होती मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा. आठवतंय? २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने आराखडा दिला, २०१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळायचं ठरलं. पडीक जमिनीवर एरंड लावायचा आणि आखातातल्या शेखांना टाटा करायचा. पडीक जमिनीत पीकही पडीकच आलं. योजना कधी मेली ते कळलंही नाही.

इथेनॉलचं तसं झालेलं नाही, हे मान्य केलंच पाहिजे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचं लक्ष्य आपण गाठलं, मूळ मुदतीच्या पाच वर्षं आधी. साखर कारखान्यांना गिऱ्हाईक मिळालं. पण हिशोब करा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के इथेनॉल म्हणजे १३ टक्के पेट्रोल. आपल्या एकूण तेल-उत्पादनांच्या वापरात पेट्रोल साधारण १६ टक्के. १६ मधले १३ टक्के काढा, साधारण दोन. एवढा गाजावाजा करून आपण देशाच्या तेलाच्या शंभरातले दोन भाग बदलले. आणि ते कशाच्या जिवावर? २०२३ चा पाऊस कमी पडला तेव्हा डिसेंबरमध्ये सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घालावी लागली. म्हणजे आखातातल्या राजकारणाऐवजी आपण आता मान्सूनच्या लहरीवर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्या राज्यात पाणी पिणाऱ्या पिकावर गाड्या चालवायच्या, हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. टाकाऊ चिपाडं, पेंढा यापासून केलं तर जरूर करा. पण त्याला तेलाची बदली म्हणू नका, साखरेच्या धंद्याला दिलेला टेकू म्हणा.

आणि खरी गोम पेट्रोलमध्ये नाहीच, डिझेलमध्ये आहे. आपण पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल जाळतो. नारायणगावचा टोमॅटो, नाशिकचा कांदा, तुमचं ऑनलाइन मागवलेलं पार्सल, एसटी, ट्रॅक्टर, कोळ्यांच्या बोटी, सगळं डिझेलवर. एक किलो डिझेलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटच्याही आत. मोटर इंजिनापेक्षा तिप्पट कार्यक्षम असते हे धरलं तरी फरक प्रचंड राहतो. स्कूटरला तो चालून जातो. पंचवीस टनांचा ट्रक घाट चढवायचा म्हटलं की बॅटरी मालाची जागा खायला लागते.

तुटवडा आला की दिसतो कसा, हेही बघून घेऊ. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर १९९० च्या दशकात क्युबाला मिळणारं तेल निम्म्याहून खाली आलं. त्यांनी चीनकडून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या, ट्रकच्या मागे डबे जोडून उंटासारख्या दिसणाऱ्या बसा बनवल्या, शेतात बैल परत आणले. लोक जगले. पण मोठ्या माणसांचं वजन सरासरी पाच किलोच्या आसपास घटलं, कारण तेल गेलं की अन्नही जातं. २०२२ मध्ये श्रीलंकेत डॉलर संपले म्हणून तेल संपलं. शाळा बंद, पंपांवर दोन-दोन दिवसांच्या रांगा. शेवटी तिथे क्यूआर कोडचं रेशनिंग आणावं लागलं, सुरुवातीला मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५. ते अॅप चांगलं चाललं, आपल्या व्यवसायाला अभिमान वाटावा असं. पण अॅपने पेट्रोल तयार झालं नाही, फक्त रांग नीट लागली. आणि आठवड्याच्या ५ लिटरमध्ये रिक्षावाल्याचं घर चालत नाही. जगात तेल होतं, श्रीलंकेच्या नळाला नव्हतं.

म्हणून मी म्हणतो की तेलाचा तुटवडा सगळ्यांना सारखा येत नाही. तो शेवटच्या माणसाकडून सुरू होतो. अमेरिकन माणूस दिवसाला सरासरी साधारण ९ लिटर तेल वापरतो, आपण जेमतेम सहाशे मिलि. भाव दुप्पट झाला तर तुम्ही-मी कुरकुर करू, एखादी ट्रिप रद्द करू. टेम्पोवाला धंदा बंद करेल. "बाजार आपोआप बघून घेईल" याचा खरा अर्थ हाच असतो. बाजार बघून घेतोच, पण ज्याला परवडत नाही त्याला रांगेतून काढून.

मग "बदली वेळेत होईल का" याचं माझं उत्तर? आज जेवढं आणि जसं तेल वापरतो तेवढं सगळं बदलायचं म्हणाल, तर नाही. आधी गरज कमी केली आणि मग उरलेलं बदललं, तर हो. आणि हा नुसता आशावाद नाही, आपल्याच देशात याचं एक उदाहरण आहे, ज्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली. १९३० मध्ये डेक्कन क्वीन विजेवर सुरू झाली. त्यानंतर २०१४ पर्यंत देशात सुमारे २२ हजार किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण झालं. नव्वद वर्षांत बावीस हजार. पुढच्या अकराएक वर्षांत त्यात ४५ हजारांहून जास्त किलोमीटरची भर पडली आणि ब्रॉडगेजचं जाळं जवळपास पूर्ण विजेवर आलं. बोगदे, दरडी असलेलं कोकण रेल्वेचं सगळं अंतरसुद्धा २०२२ मध्ये पूर्ण झालं. बॅटरी नाही, लिथियम नाही, नवा शोध नाही. शंभर वर्षं जुनं तंत्र, फक्त ठरवून, पैसे टाकून, रेटून केलेलं. ही वीज आज बरीचशी कोळशाची आहे, मान्य. पण वीज उद्या सूर्याची करता येते, डिझेल इंजिन सूर्यावर चालत नाही.

याच हिशोबाने मला वाटतं क्रम उलटा लावला पाहिजे. जास्तीत जास्त माल ट्रकवरून रेल्वेवर. (दादरी ते जेएनपीटी मालवाहतूक मार्गाचा शेवटचा वैतरणा-जेएनपीटी तुकडा किती वर्षं रखडला, याची चिंता पेट्रोलच्या भावाइतकी कोणी केली का?) मग बस. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. एक बस दिवसभर फिरते, चाळीस माणसं नेते. तीच बॅटरी चार-पाच मोटारींत घातली तर त्या दिवसातले बावीस तास पार्किंगमध्ये उभ्या. बॅटरी जर तुटवड्याची वस्तू असेल, तर ती आधी कुठे लावायची हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागतो का? मग रिक्षा आणि दुचाकी, कारण त्यांना बॅटरी लहान लागते आणि त्यावर कोणाचं तरी पोट असतं. मोटारी सगळ्यात शेवटी.

आणि सगळ्यात आधी, लागणारंच कमी करायचं. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली. नंतर तिचे हाल कुत्रं खाईना. बसची स्वतंत्र लेन उखडली की आपल्याला रस्ता मोकळा झाल्यासारखा वाटतो. आपण खरं तर तेव्हा स्वतःला आणखी वीस वर्षं पेट्रोलला बांधून घेत असतो.

इथे मुद्दा तुमच्या-माझ्यापर्यंत येतो. आपल्या वयाची माणसं सध्या दोन मोठे निर्णय घेतात, घर आणि गाडी. ऑफिसपासून पंचवीस किलोमीटरवर, जिथे बस जात नाही तिथे फ्लॅट घ्यायचा, वीस वर्षांचं कर्ज, आणि ते अंतर कापायला दीड टनाची एसयूव्ही, सात वर्षांचं कर्ज. हे दोन्ही निर्णय म्हणजे "पुढची वीस वर्षं पेट्रोल मिळेल आणि परवडेल" यावर लावलेली पैज आहे. लावा, तुमचा पैसा आहे. पण पैज लावतोय हे माहीत असू द्या. ती हरलात तर एसयूव्ही विकता येईल, पंचवीस किलोमीटर विकता येणार नाहीत. घर बघताना कार्पेट एरिया विचारता तसं जवळचा बसथांबा किती मिनिटांवर आहे हेही विचारा. सोसायटीत चार्जिंगवरून भांडणं करताय तशी एक दिवस महापालिकेत बसवरूनही करा.

कँटीनमधल्या पहिल्या पार्टीला माझं सांगणं, घाबरवून काही होत नाही, हबर्टची तारीख सांगून तर नाहीच. दुसऱ्या पार्टीला सांगणं, माणूस काहीतरी शोधतो हे खरं, पण शोधणं आणि १२० कोटी मोटारी बदलणं यात चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं. घसरण दर वर्षी एक टक्का असेल की चार, हे आपल्या हातात नाही. आपली गरज वर्षाला किती टक्क्यांनी कमी करायची, हे बऱ्याच अंशी आहे. हिशोबातली तेवढी एकच संख्या आपल्याला बदलता येते, तर निदान ती तरी बदलू या.